ऊर्फ

हुदलीत एकही हुदलीकर नाही.
बस थांबते तिथल्या पानपट्टीवाल्याला विचारलं, तर तो हसला.
"गावात राहून गावाचं नाव कोण लावतंय, अक्का?
ते गेलेल्यांचं."

एवढं साधं मला पन्नास वर्षं कळलं नव्हतं.
आडनाव म्हणजे पत्ता नव्हे,
वेशीबाहेर पडलेल्या पाठीला
मागून मारलेली हाक.

बेळगावच्या कचेरीत जुना उतारा मोडीत,
नंतरचा कानडीत,
मधल्या पानावर वाळवीची स्वतःची लिपी.
कारकून नखानं ओळ धरून वाचत गेला:
भरमा बिन सिद्दाप्पा ऊर्फ मग्गद.
पुढच्या फेरफारात ऊर्फ तेवढं उरलंय,
त्यापुढे शाईचा डाग.
आणि त्यानंतर शहापूरच्या शाळेच्या दाखल्यावर
आम्ही एकदम हुदलीकर,
जसे काही सकाळच्या बशीनं आलो
आणि पाटी पुसून बसलो.

मग्ग म्हणजे माग. एवढं कानडी मला येतं.
पण आजोबा सांगायचे, आपण मातीतली माणसं,
माग-बिग आपल्यात नव्हता.
हे सांगताना ते जरा जास्तच ताठ बसत.

सुगी उरकल्यावर सत्तेप्पा हेळवी भावाच्या दारात आला.
त्याचा आजा बैलावर बसून यायचा.
हा मोटारसायकलवर,
मागच्या सीटला वह्यांचं गाठोडं,
बाजाराला न्यायचं कोकरू बांधावं तसं.
पायरीवर बसला. चहा नको म्हणाला.
आधी नावं, मग चहा.

आणि डोळे मिटून सुटला:
भरमाचा बाप सिद्दाप्पा, सिद्दाप्पाचा बाप बाळा,
बाळाचा बाप, त्याचा बाप, त्याचा...
उतरणीला लागलेली गाडी.
मी म्हटलं, "आणि आया?"

गाडी थांबली.
"बायका ओळीत नसतात, अक्का.
कुठं दिली, कुठनं आणली, एवढंच."
वही मिटायला घेतली, पुन्हा उघडली.
आडवी धरून समासात बघत राहिला.
"एक हाय की. नीलव्वा.
हिच्या बापाला ल्योक नव्हता.
सिद्दाप्पा हिच्या घरात मनेअळिया आला."

मनेअळिया. घरजावई.
भावानं उगाच खाकरून
भाचीला आत जायला सांगितलं.

"नेसत्या धोतरानं आला बघा.
जमीन हिची, घर हिचं, पडवीतला माग हिचा.
गाव म्हणायचं, मग्गदांचा जावई.
मग जावई गळालं."

म्हणजे बापांच्या त्या लांबलचक रांगेत
ती होती.
कोण्या कारकुनानं तिच्यापुरतं
दोन अक्षरांचं दार ठेवलं होतं,
ऊर्फ,
आणि कोण्या मास्तरानं, छापील चौकटीत मावेना म्हणून,
ते बुजवून टाकलं.
रागावू कुणावर?
त्याची चौकट खरोखरच लहान असेल.

आजोबांना माहीत होतं का, हे आता विचारता येत नाही.
ते ताठ बसणं मात्र
मला आता वेगळं दिसतं.

सत्तेप्पाला पायलीभर जोंधळे, एक घोंगडं,
पेट्रोलचे वेगळे पैसे.
त्यानं नवी पानं काढली, भावाचं नाव लिहिलं,
भावाच्या मुलाचं लिहिलं,
मुलाची नोकरी पुण्यात, तेही लिहिलं.
मी म्हटलं, "माझं?"

बारशाला कानात सांगितलेलं वेगळं,
ताटातल्या तांदळावर
अंगठीनं गिरवलेलं वेगळं,
ते तांदूळ नंतर खिरीत गेले.
बँकेत तिसरं, त्यात नवऱ्याचं, त्याच्या गावाचं,
ज्या गावात मी दोनदा गेलेय.

त्यानं पेनचं टोपण दातात धरलं.
"कुणाची म्हणून लिहू?"
मी काही बोलेना, तेव्हा त्यानंच पान सरळ केलं
आणि हळूच विचारलं,
"ओळीत, का समासात?"

आत चहा उतू गेला होता.
भावजय कुणाला तरी हाक मारत होती,
मला वाटलं, मला.